अंथुर्ण्याच्या पडवीत कॅनडाचा पेपर

जानेवारीत मी बारामती-इंदापूरकडे जाऊन आले असं सांगितलं की चिपळूणची माणसं एकच प्रश्न विचारतात, "तिकडे काय आहे बघायला?" मी म्हणते, ऊस आहे. उसापलीकडे कालवा आहे आणि कालव्यापलीकडे पुन्हा ऊस आहे. यावर समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

मी गेले होते अभ्यासाला. मी दातांची डॉक्टर, माझं नाव केतकी. नवरा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि तिथून "कधी येतेस?" विचारत राहिला. बायको म्हणून मी केव्हाही जाऊ शकत होते, डॉक्टर म्हणून नाही. इथली पदवी आणि इथली इतक्या वर्षांची प्रॅक्टिस तिथं कुणी मोजत नाही. आधी लेखी परीक्षा द्यायची. दिवसभर संगणकासमोर बसायचं, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि त्यातले दोन हमखास बरोबर वाटतात. ती सुटली की पुढची प्रात्यक्षिकाची, ती तिकडे जाऊन. मी लेखीत एकदा नापास झाले होते. पेशंट ज्या वयात "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे" म्हणायला लागतात, त्या वयात नापास होणं माणसाला फार एकटं पाडतं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण दात तर तेच ना?"

त्या दिवसांत मला राजश्री भेटली, म्हणजे फोनवर. परीक्षेला बसणाऱ्या डॉक्टरांचा एक गट होता, त्यात इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची ही मुलगी होती. रोज पहाटे आम्ही फोनवर एकमेकींना प्रश्न विचारायचो. तिच्या बाजूनं म्हशी हंबरायच्या, माझ्या बाजूनं पाऊस वाजायचा. वर्षभर असं चाललं, पण आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. परीक्षा जवळ आली आणि तिचे फोन चुकायला लागले. शेवटी एकदा म्हणाली, "केतकी, पेशंट एवढे वाढलेत की मला पुस्तक उघडायला होत नाही. तूच ये ना इकडं. दोघी मिळून पेशंट संपवू आणि अभ्यासाला बसू."

मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि निघाले.

घाट चढल्यावर

कुंभार्ली घाट चढून देशावर आलं की सगळ्यात आधी आकाश बदलतं. आमच्याकडे ते डोंगरांच्या मधून जेवढं दिसेल तेवढंच. इथं ते चहूकडून जमिनीपर्यंत येतं आणि टेकतं. फलटण मागं पडलं, बारामती आली. तिथून इंदापूरच्या गाडीत बसले तर रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, डोलत, कण्हत चाललेल्या. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी, आणि रस्त्यावर पडलेली कांडी उचलायला उतरणारी पोरं. कारखान्याजवळून जाताना मळीचा आंबूस गोड वास गाडीत शिरला. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला नाही, उलट समाधानानं श्वास घेतला. आमच्याकडे सुकत घातलेल्या मासळीचा वास आम्ही जसा घेतो तसा.

अंथुर्ण्याच्या स्टँडवर उतरले तर पांढऱ्या टोपीतले एक उंच गृहस्थ मोटारसायकलला टेकून उभे होते. सरळ माझ्यापाशी आले.

"चिपळूणच्या डाक्टरीणबाई तुमीच का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"हातात छत्री. जानेवारीत हितं छत्री कोन घिऊन यील?"

हे राजश्रीचे वडील, आबा. त्यांनी माझी पुस्तकांची बॅग उचलली, तिचं वजन जोखलं आणि म्हणाले, "येवढं समदं दाताचं? मानसाला दात हायत किती!"

राजश्री घराच्या दारात उभी होती. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच, ठसठशीत समजत होते. ही तर माझ्या खांद्याला लागणारी, बारीक, चष्मेवाली. आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्याच एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "बोल काहीतरी, म्हणजे तूच आहेस हे पटेल." मी कालच्या अभ्यासातला एक प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं, आणि मग मिठी मारली.

रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वांग्याचं भरीत आणि लोखंडी तव्यावर रगडलेला ठेचा होता. राजश्रीच्या आईंनी, म्हणजे काकूंनी, माझ्यापुरता भाताचा एक डोंगर वेगळा रचला होता. "कोकनातली मान्सं भातावरच जगत्यात म्हनं," त्या म्हणाल्या. मला बाजरीची भाकरी हवी होती, पण तो डोंगर इतक्या मायेनं रचलेला होता की मी दोन्ही खाल्लं. त्या जेवणात कोकण आणि देश दोघांचाही मान राखला गेला. माझ्या पोटाचा मात्र नाही.

दवाखाना

पेशंट का वाढलेत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. राजश्रीचा दवाखाना रस्त्याला लागून, खताच्या दुकानाशेजारी. एक खुर्ची, एक कंप्रेसर, बाहेर दोन बाकडी. आम्ही पोचलो तेव्हा बाकडी भरून माणसं पायरीवर आणि पायरीवरची रस्त्यावर आली होती. आबांनी कौतुकानं गावभर सांगून ठेवलं होतं की आमची राजश्री कॅनडाला चालली. ऐकून सगळ्यांना आनंद झाला आणि सगळे तोंड घेऊन आले. ती जायच्या आत दाताचं एकदाचं उरकून घ्यायचं होतं.

एक म्हातारी कळसहून आली होती. तिची कवळी राजश्रीनंच केलेली. "बाई, तू तकडं गेल्यावर ही ढिल्ली झाली तर मी कुनाकडं जाऊ?" असं म्हणत तिनं कवळी काढून राजश्रीच्या हातावर ठेवली, जणू ती सोबतच घेऊन जा. पणदऱ्याचे एक म्हशीवाले सकाळचं दूध डेअरीला घालून इतक्या लांब आले होते. त्यांची दाढ ठणठणीत होती.

"मग काढायची कशाला?" मी विचारलं.

"आत्ता दुखत न्हाय, ताई. पर फुडं दुखली तर? मॅडम हायत तवर काढूनच टाका."

मी एका साध्या खुर्चीत, बॅटरी आणि आरसा घेऊन बसले आणि अशा लोकांना परत पाठवायचं काम अंगावर घेतलं. चिपळूणला पेशंट बिचकत येतो, दुखणं निम्मं सांगतो, आणि बिल किती ते आडून विचारतो. इथं माणूस आत येताच सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगतो आणि रांग त्यावर सल्ला देते. एका बाईंच्या किडलेल्या दाताबद्दल बाहेरच्या तिघींचं मत माझ्या आधी पडलं होतं. आणि ते बरोबरही होतं.

पडवीतली परीक्षा

संध्याकाळी घरी आलो की पत्र्याच्या पडवीत सतरंजी टाकून अभ्यास. इथं परीक्षक आबा. त्यांनी हे काम कधी घेतलं ते राजश्रीलाही आठवत नव्हतं. आबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ट्रॅक्टरच्या पाट्यांवरून आणि कारखान्याच्या चिठ्ठ्यांवरून एबीसीडी येते. सरावाचं पुस्तक ते मांडीवर घ्यायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि प्रश्नाचा नुसता नंबर पुकारायचे. आम्ही आमच्या प्रतीत प्रश्न वाचून अक्षर सांगायचं, त्यांनी मागच्या पानावर बोट ठेवून ताडायचं.

"बी," मी म्हणायचे.

बोट पानावरून सरकायचं. थांबायचं. आबांचा चेहरा पडायचा. "न्हाय वो ताई. सी हाय." माझी चूक मला लागायची त्याच्या दुप्पट त्यांना लागायची.

प्रश्न काय होता ते समजून घेतल्याशिवाय ते पुढचा नंबर पुकारत नसत. मग राजश्री मराठीत सांगायची: अमक्या वयाचा माणूस, असं असं दुखतंय, तुम्ही आधी काय कराल? आबा स्वतःही उत्तर द्यायचे. ऐकून ऐकून त्यांची काही मतं तयार झाली होती. "ही कॅनडाची मान्सं लय शंकेखोर," ते म्हणायचे. "सरळ इचारत न्हाईत. पर एक हाय. मानसाला नाव देत न्हाईत, गाव देत न्हाईत. नुसतं वय. आसं कसं कळायचं?"

मी एकदा राजश्रीला विचारलं, तुला का जायचंय? माझा नवरा तिकडे होता, तिचं कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, घरचं सगळं ठीक होतं, दवाखाना भरून वाहत होता. ती म्हणाली, "मला जमतं का ते बघायचंय. बाकी काही नाही. लोकांना ते कारण पुरत नाही, म्हणून मी सांगत नाही."

मला पुरलं.

भिगवण

एक दिवस अभ्यासाला सुट्टी दिली आणि आम्ही भिगवणला उजनीच्या पाण्यावर गेलो. हे पाणी धरणाचं, पण इतकं पसरलेलं की मी क्षणभर समुद्रच म्हणाले. राजश्री हसली. "वास घे की," ती म्हणाली. खरंच, मिठाचा वास नव्हता, चिखलाचा होता. नावाड्यानं आत नेलं आणि समोर रोहित पक्षी उभे होते, थव्याच्या थवा, चोची पाण्यात, पाय काड्यांसारखे. आमची नाव जवळ गेली तसे ते उठले आणि पंखांखालचा लाल रंग एकदम उघडला. नावाडी तर रोज बघणारा, तोही वल्हं थांबवून बघत होता.

दुपारी काठावरच्या खानावळीत चिलापी मासा मागवला. मी मोठ्या तोऱ्यात राजश्रीला मासा कसा खावा हे शिकवायला बसले. आम्ही समुद्राकाठची माणसं, काट्यांची भाषा आम्हाला पाळण्यात शिकवतात, वगैरे. दुसऱ्याच घासाला काटा माझ्या घशात रुतला. डोळ्यांतून पाणी, खोकला, आजूबाजूची टेबलं उठून उभी. खानावळीच्या मालकीणबाईंनी भाकरीचा सुका गोळा माझ्या हातात दिला आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "न चावता गिळा." गिळला. काटा गेला. "कुठल्या?" त्यांनी विचारलं. राजश्रीनं सांगायच्या आत मी म्हणाले, "सोलापूरच्या."

हुरडा

त्या आठवड्यात आबांनी रानात हुरड्याचा बेत केला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर, गुळाबरोबर तोंडात टाकायचे. आमच्याकडे पोपटी लावतात, वालाच्या शेंगांची, मडक्यात. पण ती रात्रीची आणि गुपचूप वाफेवर शिजणारी. हुरडा उघड्यावर, उन्हात, हातावरून थेट तोंडात. मी खात सुटले.

खाता खाता माझ्या लक्षात आलं की आबा चटणीला हात लावत नाहीत. दाणे दह्यात कालवून हळूहळू, डाव्या बाजूनं चावत होते. एकदा चुकून चटणीचं बोट लागलं तर मान फिरवून त्यांनी डोळे मिटले. राजश्री चुलत भावंडांना कणसं चोळून देत होती, तिचं लक्ष नव्हतं. आणि मग मला आठवलं, मी आल्यापासून आबांना ठेचा घेताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्यावर फिरायला गेले तर आबा तिथं पाण्याची पाळी बघायला आलेले. बहुधा मला गाठायलाच. इकडचंतिकडचं बोलून झालं, मग म्हणाले, "ताई, आदी शबूद द्या. राजश्रीला सांगनार न्हाय."

"शब्द देत नाही, आबा. आधी तोंड उघडा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून हातात घेतली आणि तोंड उघडलं. मी फोनचा दिवा लावला. उजव्या गालाच्या आत, जिथं ते तंबाखूची चिमूट धरत, तिथं एक जखम होती. मोठी नाही. कडा वर आलेल्या. बोटानं दाबून पाहिलं तर टणक लागलं.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या चकलीनं टोचलं बघा."

"मग तंबाखू?"

"सोडली की. ह्या बाजूची." ते ओशाळून हसले. "परीक्षा हुंद्या. मग दाखवतोच की तिला. आत्ता कळलं तर ती पुस्तक मिटंल. पोरीनं वर्स-वर्स जागून केलंय ते वाया जाईल. थोड्या दिसांत काय जग बुडतंय?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. राजश्री नसेल तर मी एकटी त्या परीक्षेला कशी सामोरी जाणार, हेही मनात आलं. कालव्याचं पाणी भरून चाललं होतं. मी काठावर बसले आणि त्यांनाही बसवलं.

"आबा, एक प्रश्न विचारू? पेपरातला."

"इचारा."

"साठी ओलांडलेला शेतकरी. तरुणपणापासून तंबाखू. गालाच्या आत जखम, दिवाळीपासून भरत नाही. कडा टणक. तुम्ही आधी काय कराल? ए, मलम द्याल. बी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगाल. सी, थोडे दिवस थांबून पुन्हा बघाल. डी, आजच्या आज तुकडा काढून तपासायला पाठवाल."

आबा पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्या शेतकऱ्याच्या घरी पोरीची परीक्षा हाय का?"

"प्रश्नात तसं दिलेलं नाही."

"मग प्रश्नच अर्धवट हाय."

"प्रश्न अर्धवटच असतात, आबा. उत्तर तरी एकच."

पलीकडच्या बांधावरून ऊसतोडीचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

"डी," ते म्हणाले. आणि उठता उठता, "तुमी नगा सांगू. माझं मी सांगतो."

त्यांनी सांगितलं, पण घरी नाही. दुपारी दवाखान्यात आले आणि रांगेत शेवटी बसले. लोक म्हणाले, आबा, तुमी जा की आत. "माझा लंबर येऊंद्या," म्हणून बसून राहिले. नंबर आला तेव्हा राजश्री हात धूत होती.

"आबा? डबा आणलाय का?"

"न्हाय. दाखवायचंय."

ते खुर्चीत आडवे झाले. राजश्रीनं आरसा घेतला. मी माझ्या कोपऱ्यातून तिच्या हाताकडे बघत होते. तिनं जखम पाहिली, कडा चाचपल्या, मग जबड्याखाली, मानेला दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली. सगळं क्रमानं, पुस्तकात आहे तसं.

"कधीपासून?"

"दिवाळी."

"आणि मला आज सांगताय."

"तुझा अभ्यास हुता."

तिनं त्यांना उठायला हात दिला, बाहेर बसवलं आणि "कोण राहिलंय?" म्हणून दारात डोकावली. एक बाई नुकत्याच आल्या होत्या, त्यांचा दात तिनं नीट भरला. त्या गेल्यावर ती मागच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी बघायला गेले, तर कंप्रेसरशेजारी जमिनीवर बसली होती.

"अख्ख्या तालुक्याची तोंडं बघते मी," ती म्हणाली, "आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवतो."

मी तिच्याशेजारी बसले. कंप्रेसर घरघरत होता, त्यामुळे बाहेर काही ऐकू गेलं नसेल.

बारामती

दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघं बारामतीला. तिथल्या एका इस्पितळात पुण्याचे सर्जन ठरलेल्या दिवशी येतात, राजश्रीची त्यांच्याशी ओळख होती. त्यांनी जागा बधिर करून लहानसा तुकडा काढला, दोन टाके घातले आणि रिपोर्टला काही दिवस लागतील म्हणाले. आबांचा गाल सुन्न झाला होता. थंड काहीतरी खा म्हटल्यावर ते स्वतःच रस्ता ओलांडून आइस्क्रीमच्या दुकानात शिरले आणि चौघांसाठी मागवलं. अर्धं आइस्क्रीम हनुवटीवरून ओघळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. काकू पदरानं पुसत होत्या.

तिथं राजश्री म्हणाली, "मी परीक्षेला बसत नाही."

आबांनी चमचा ठेवला. "मग म्या आप्रेशन करनार न्हाय. जे निघंल ते निघंल."

"धमकी देताय?"

"व्हय."

दोघं एकमेकांकडे बघेनात. दुकानातला मुलगा बिल आणून उभा राहिला आणि परत गेला. मी काय बोलावं या विचारात होते, तेवढ्यात काकू बोलल्या. इतक्या दिवसांत भाताव्यतिरिक्त त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

"तू घरी बसलीस म्हनून रिपोट बदलनार हाय का?"

राजश्रीनं चमच्यानं आइस्क्रीम ढवळलं.

"न्हाय ना? मग जा. पेपर दी आन ये. मी हाय की हितं. तुज्या आदी बी ह्यांच्याजवळ मीच हुते." आणि आबांकडे वळून, "आन तुमी. आप्रेशन करनार न्हाय म्हनं! तुमाला कुनी इचारलंय?"

आबांनी चमचा पुन्हा उचलला.

आम्ही पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण लहान, एकाच जागी, आणि लवकर सापडलेला. सर्जननी परीक्षेनंतरची लगेचची तारीख दिली. राजश्रीनं पडवीत बसून आबांना सगळं समजावून सांगितलं. काय काढणार, मानेत कुठं कापणार, किती दिवस नळीनं जेवायचं. काही लपवलं नाही. आबा शांतपणे ऐकत होते. सगळं झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजी डी बरूबर हुतं."

"बरोबर होतं, आबा."

"चला. एक तरी आलं."

पुणे, आणि परत

परीक्षेच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायची परवानगीही नाही. काचेची खोली, संगणकांच्या रांगा, खिशातलं सगळं बाहेर ठेवायचं, रुमालसुद्धा. एकदा मी मान वर केली तेव्हा पलीकडच्या रांगेत राजश्री पडद्याकडे टक लावून बसलेली दिसली, चष्मा हातात घेऊन. मला वाटलं, झालं, ती आता उठणार. तिनं चष्मा ओढणीला पुसला, घातला आणि पुढचा प्रश्न उघडला.

बाहेर आल्यावर आम्ही एका गाडीवर उभ्या राहून वडापाव खाल्ले. उत्तरं ताडून पाहण्याची सवय दोघींना, पण त्या दिवशी कुणीच विषय काढला नाही. "काय दिलंय ते आठवत नाही," ती म्हणाली. "पण सगळे दिले." मी घरी जायचं तिकीट रद्द केलं आणि तिच्याबरोबर परत बारामतीला गेले.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ आम्ही बाकावर बसून होतो. काकू पिशवीतून शेंगा काढून सोलत होत्या आणि न खाता पुन्हा पिशवीत टाकत होत्या. ओळखीचे, बिनओळखीचे लोक येत होते. कळसच्या म्हातारीनं नातवाला पाठवलं होतं. पणदऱ्याचे म्हशीवाले दुधाची बरणी घेऊन आले आणि आबांना इतक्यात दूधही देता येणार नाही कळल्यावर ती आम्हालाच पाजून गेले. सर्जन बाहेर आले तेव्हा राजश्री उठली नाही. तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि तो सोडवेना. ते म्हणाले, "नीट निघालंय सगळं." काकूंनी पहिली शेंग तोंडात टाकली.

पट्टी बांधलेले आबा मी निघताना जागे होते. बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या छत्रीकडे बोट दाखवलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. हसता आलं नाही, डोळे मात्र हसले.

घाट उतरताना कुंभार्लीच्या वळणावर तापलेल्या मातीचा आणि पाचोळ्याचा वास आला आणि मला माझं गाव आठवण्याऐवजी मळीचा वास आठवला. घरी पोचल्यावर सासूबाईंना म्हटलं, उद्या भाकरी करा. "बाजरीची?" त्यांनी विचारलं, आणि आमच्या घरात बाजरी नव्हती हे लक्षात आलं.

काही आठवड्यांनी निकाल लागला. आम्ही दोघी पास झालो. राजश्री चांगल्या गुणांनी, मी काठावरून. माझं जायचं ठरलं, कागदपत्रं सुरू झाली. राजश्रीनं पुढच्या परीक्षेला अजून नाव घातलं नव्हतं. या ऑपरेशननंतर तोंड आखडतं, उघडायचा व्यायाम रोज करावा लागतो. धडधाकट तोंडात तीन बोटं मावतात. आबांच्या तोंडात सुरुवातीला एकही नीट जात नव्हतं. रोज सकाळी ती पडवीत त्यांच्यासमोर बसते, त्यांच्याकडून व्यायाम करून घेते आणि मग बोटं घालून बघते. ते कळवळतात, ती ओरडते, काकू दोघांवर ओरडतात. दुसरं बोट जायला बराच काळ लागला. तिसरं गेलं की नाव घालीन, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

मागच्या रविवारी तिचा फोन आला.

"गेलं," ती म्हणाली. "तिसरं आज गेलं."

"खरं?"

"खरं. आणि मुद्दाम चावलं गं त्यांनी! कचकन! रक्त आलंय."

ती हसत होती की रडत होती, मला कळेना. मागून आबांचा आवाज आला. आता थोडा बोबडा झालाय, पण तसाच दणदणीत.

"दात पक्कं हायत म्हनावं!"